दारी आलेलं दारीच

१

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला, की पद्मावती गावस चार उंडे घ्यायला फाटकापाशी जायची. उंडे घ्यायला पाच मिनिटं लागत आणि परतायला पाऊण तास. मुळगावच्या त्या वाडीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाला डिचोलीच्या डॉक्टरनं म्हापशाला पाठवलं, हे सगळं तिला तेवढ्या वेळात कळायचं. मागून लोक तिला वाडीचा रेडिओ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण घरात कुणाला ताप आला तर पेजेचा टोप घेऊन पहिली तीच पोचायची.

वाडीत एकच खोली अशी होती, जिच्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या जयरामची मुलगी तेजस्विनी पुण्याहून परत आली होती आणि दहा ते पाच दार लोटून बसायची.

"काय करता ती दिवसभर?" पद्मावतीनं एकदा विचारलंच.

"खेळता," जयराम म्हणाला. खाण चालू होती तेव्हा तो खनिजाचा ट्रक हाकायचा. आता सोप्यावर बसून रस्त्याकडे बघायचा.

"खेळता म्हणजे?"

"खेळता म्हणजे खेळता. कंपनी खेळूक सांगता, ती खेळता."

एवढ्यावर पद्मावतीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुपात चवळीसारखे अळसांदे घेऊन तेजस्विनीच्या दारात उभी राहिली. "तुझ्या खोलीतलो पंखो बरो गो बाय. हयच बसून निवडतंय."

२

पडद्यावर तांबडी जमीन होती. कापून कापून पायऱ्या केलेला डोंगर, मधे खोल खड्डा, खड्ड्यात हिरवट पाणी.

"ही आपलीच खाण," पद्मावती म्हणाली.

"दुसऱ्या ग्रहावरची आहे गो काकी."

"असू दी. खाण ती खाण."

तेजस्विनी हसली. मुलगी गुणाची होती. कुणी विचारलं की सांगायची. हा खेळ म्हणजे एक गोष्ट होती, पण पुढं काय होणार ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. वाटेत कुणी पाणी मागतं, कुणी आसरा मागतं. द्यायचं की नाही, ते आपण सांगायचं. आणि जे सांगू, त्याचं फळ पुढं कुठंतरी आडवं येतं.

"एखाद्याला हाकललंस, तर दहा तासांनी तोच माणूस तुझ्या वाटेत उभा. खेळ विसरत नाही. नुसती गप्प राहिलीस, तर तेही लक्षात ठेवतो."

"आमच्या देवासारखो मगे."

"देवाला नवस तरी चालतो. ह्याला तोही नाही."

तिचं काम होतं प्रत्येक वाटेनं जाऊन बघायचं. एकदा भल्यासारखं वागायचं, एकदा दुष्टासारखं, आणि फळ बरोबर येतं की नाही ते तपासायचं. चुकलं तर पुण्याच्या कंपनीला लिहून कळवायचं. आता तो खेळ मराठीत यायचा होता, तोंडानं बोलून खेळायचा. त्यासाठी टेबलावर एक छोटा माइक ठेवला होता. त्यावर अळसांद्याच्या दाण्याएवढा लाल दिवा.

पद्मावती रोज यायला लागली. टीव्हीवरच्या मालिकेत बायका नुसत्या रडतात. इथं निदान विचारून रडवतात, असं तिचं मत झालं. ती मधे मधे सल्लेही द्यायची. "त्या म्हाताऱ्याक पाणी दी गो. तोंड बघ केदां सुकलां." तेजस्विनी द्यायची. मग तासाभरानं तो म्हातारा कुठूनतरी येऊन त्यांना बोगद्याची वाट दाखवायचा, आणि पद्मावतीला आपणच कुणालातरी जेवू घातल्याचं समाधान मिळायचं.

३

श्रावण संपत आला होता. त्या दुपारी खेळ मोठ्या प्रसंगाला आला.

खाणीतल्या वस्तीचे दोन मजले होते. खालच्या मजल्यात पाणी भरत चाललं होतं. मधलं लोखंडी दार बंद केलं तर वरचे वाचणार होते आणि खालचे राहणार होते खाली. दार बंद करण्याआधी यंत्र तीन वाक्यं म्हणणार आणि खेळणाऱ्याची संमती घेणार. तेजस्विनीला दोन्ही उत्तरं तपासायची होती. आधी कुठलं द्यावं ह्या विचारात ती पेन चावत बसली होती.

यंत्राचा आवाज भरदार होता, एखाद्या वयस्क पुरुषाचा.

"वरच्या मजल्याची हवा टिको."

मग तो थांबला. पद्मावतीचं लक्ष सुपात होतं. एक खडा निघत नव्हता. त्या थांबण्यात काहीतरी ओळखीचं होतं, आणि तोंड आपोआप म्हणालं, "होय म्हाराजा."

तेजस्विनी खुदकन हसली. गाऱ्हाणं घालताना देवापुढं घरातला कर्ता एकेक मागणं मागतो, मधे थांबतो, आणि मागची सगळी माणसं होय म्हाराजा म्हणतात. मागणं काय, ते फारसं कुणी ऐकत नाही. लहानपणापासून तसंच.

"वरच्या मजल्याचं पाणी निर्मळ राहो."

"होय म्हाराजा." आता तीही थोडी गमतीत म्हणाली. खडा निघाला.

"खालून वर येणारं दार बंद राहो."

"होय म्हाराजा."

माइकचा लाल दिवा हिरवा झाला. पडद्यावरचं दार दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मधे मिळालं.

"काकी, तुझं उत्तर घेतलं त्यानं."

"कसलं उत्तर?"

"दार बंद केलंस तू. खाली सदतीस माणसं आहेत."

"मी खंय काय केलं? सवय ती."

"खेळाला सवय कळत नाही. होय म्हटलं की होय."

तेजस्विनी हसत हसत वहीत काही लिहायला वळली, आणि तेवढ्यात दारापलीकडून ठोठावल्याचा आवाज आला. दोनदा. टक्, टक्. मग थोडं थांबून, वरून खाली ओढल्यासारखा एक लांब आवाज. खर्रर्र. बांगडी फळीवरून ओढत न्यावी तसा.

पद्मावतीचे हात सुपात तसेच राहिले.

"तेजू, दार कशाचं ह्या?"

"लोखंडाचं."

"मग आवाज लाकडाचो कसो?"

तेजस्विनीनं कान दिला. परत तोच आवाज आला. "खरंच गो. चुकीची फाईल लागली असणार." आणि तिनं लिहिलं: दार लोखंडी, आवाज लाकडी.

कुणीतरी ते चूक म्हणून लिहून घेतलं, ह्यानं पद्मावतीला जरा बरं वाटलं. अळसांदे अर्धे राहिले होते. घरी चूल बघायची आहे असं सांगून ती उठली. चूल म्हणजे गॅस, आणि तो तिनं सकाळीच बंद केला होता.

४

तिच्या घराचं मागलं दार फणसाच्या फळ्यांचं, हिरव्या रंगाचं. आतून आडवा लाकडी अडसर. त्या दुपारी ती दारापाशी बराच वेळ उभी राहिली. चिकूच्या झाडावर एक खार ओरडत होती, बाकी काही नव्हतं.

मागल्या बाजूला पूर्वी एक भाड्याची खोली होती. तिथं सिंधुदुर्गातलं एक जोडपं राहायचं. नवरा खाणीतल्या पंपावर, बायको तारा. ताराला काडेपेटी हवी असो, कढीपत्ता हवा असो, ती मागल्या दारी यायची. दोनदा ठोठावायची आणि हातातली एकच एक बांगडी फळीवरून खाली ओढायची. "म्हंजे तुका कळता, मीच," म्हणायची. पद्मावतीला ती सवय आवडायची. दोघी एकाच वयाच्या होत्या.

सोळा वर्षांमागच्या चवथीला ताराची सासू गावी वारली होती. नवरा दिवसांना गेला होता. ताराच्या अंगात ताप, म्हणून ती मागं राहिलेली. तिला सुतक. आणि पद्मावतीच्या घरी गणपती, वर फळापानांची माटोळी बांधलेली, पन्नास माणूस जेवायला.

सासरे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले तेव्हा पद्मावती स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं, करंज्यांचं, तबक घ्यायला आली होती. टक्, टक्. खर्रर्र. तिचा हात अडसरावर गेला. आत सासऱ्यांचा आवाज चढला होता: "दारी आयलेला विघ्न दारीच रवू दी, रे म्हाराजा."

ती म्हणाली, "होय म्हाराजा." हात काढून घेतला आणि तबक उचलून बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी तारा खाणीच्या पाण्यात मिळाली. पाणी आणायला गेली असणार, पाय घसरला असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पद्मावतीनंही मान डोलावली. वाडीभर सगळं सांगत फिरणाऱ्या बाईनं एवढी एकच गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

आता ती स्वतःशी म्हणाली, कुणीही दार दोनदाच ठोठावतं. तीनदा कोण ठोठावतं? आणि आवाज काय, पुण्यात बसून कुणीतरी फळीवर काहीतरी घासलं असेल.

ते तिला पटलंही. तरी रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, शांतारामला, मागल्या दाराकडे पाठ करून बसायला सांगितलं, आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसली.

५

"मागं जाता येतं?" दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. आज सूप आणलं नव्हतं.

"खेळात येतं," तेजस्विनी म्हणाली.

तिनं गोष्ट मागं नेली. तेच पाणी, तेच दार. यंत्र बोलायला लागलं. पद्मावतीनं पदर घट्ट धरला. पहिलं वाक्य झालं, ती गप्प. दुसरं झालं, गप्प. तिसऱ्याला ती माइकजवळ वाकून म्हणाली, "नको. दार उघड."

दिवा लालच राहिला. यंत्र थांबलं. त्या थांबण्यात पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाहेर जयरामचा खोकला ऐकू येत होता. मग यंत्र म्हणालं:

"खाली आता कुणी नाही."

तेजस्विनीनं कपाळाला आठी घातली. कागद उलटसुलट चाळले. "हे वाक्य माझ्या यादीत नाही."

"मग बोलला कोण?"

"चूक असेल काहीतरी. आणि काकी, त्या आवाजाचं कंपनीचं उत्तर आलं. म्हणतात, त्या जागी आवाजच घातलेला नाही. ठोठावणं नाही, काही नाही." ती हसली. "आपण दोघी ऐकतो, आणि कंपनीला ऐकू येत नाही. नेहमीचंच."

पद्मावती हसली नाही. "ह्या झाल्यावर पुढं काय असता?"

"दुसरा भाग. ज्यानं दार बंद केलं, तो दुसऱ्या भागात दाराबाहेर जागा होतो. खालच्या बाजूला."

"आणि आत?"

"आत ती, जी आधी खाली होती. आता तिनं ठरवायचं."

"ती काय ठरवता?"

"ते तू पहिल्या भागात कशी वागलीस, त्यावर आहे. हीच तर मजा आहे ह्या खेळाची."

६

घरी जाताना ती जयरामच्या सोप्यावर बसली. कधी नव्हे ती काही न विचारता बसली, तेव्हा जयरामनंच विचारलं, "काय वयनी, तब्येत बरी ना?"

"भावोजी, तारा आठवता तुमका? पंपवाल्याची."

जयराम रस्त्याकडे बघत राहिला. पूर्वी तिथून दिवसाला शेकडो ट्रक जायचे. आता एक कुत्रा आडवा निजला होता.

"त्या चवथीक मी तिका बघलेली," तो म्हणाला. "तुमच्या मागल्या दारी. पायरीर बसलेली, दाराक टेकून. मी नेवऱ्यो घेऊन मावशीकडे जायत होतंय."

"बसलेली?"

"हय. परत येताना बघलंय, तेव्हाही तशीच. हाक मारणार होतंय. मगे म्हटलं, वयनी घरात आसा. वयनी बघतली. तुमी सगळ्यांचां बघतास."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं पद्मावतीला वाटलं.

त्यानंतर ती तेजस्विनीकडे गेली नाही. सकाळी उंडे घेऊन सरळ घरी यायची. वाडीतल्या बायका म्हणाल्या, रेडिओ बिघडला. चवथीला दोन दिवस राहिले तेव्हा तेजस्विनीच कुंपणापाशी आली.

"काकी, तो दुसरा भाग माझ्या आवाजावर सुरूच होत नाही. तू एकदा येऊन होय म्हण ना."

"होय म्हणूचां मी सोडलंय, बाय."

"मग नाही म्हण. काहीतरी म्हण. तो तुझीच वाट बघतोय." तेजस्विनी सहज बोलली, मशीनविषयी बोलावं तशी, आणि पुढं विचारलं, "आणि तुमच्या मागल्या दाराचं काम काढलंय का? दुपारभर घासायचा आवाज येतो."

७

चवथीला माटोळी बांधली. सुपाऱ्यांचे घड, तोरिंगणं, पडवळ, कांगल्या, सगळं छताखाली लटकलं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. आता गाऱ्हाणं शांताराम घालायचा. घर भरलं होतं. जयराम होता, तेजस्विनी नवी साडी नेसून आली होती. भाज्यांच्या खतखत्याचा वास मागल्या अंगणापर्यंत गेला होता.

पद्मावतीनं मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. ते वाक्य येईल तेव्हा ती होय म्हणणार नाही. आणि दार वाजलं, तर उघडणार. बाहेर कुणी नसेल तर नसेल. मग ती बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगेल, की त्या दिवशी दार वाजलं होतं आणि मी ऐकलं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला छातीत मोकळं वाटत होतं.

ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. हात रिकामे ठेवले.

"घरात आसात त्यांका सुखी ठेव, रे म्हाराजा," शांताराम म्हणाला.

"होय म्हाराजा," घर म्हणालं.

"परगावी गेल्यांक बरेपणान परत घरी हाड, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

टक्, टक्.

आवाज मोठा नव्हता. शेजारीण काडेपेटी मागायला येते, तेवढाच. मग फळीवरून वरून खाली, सावकाश, खर्रर्र.

"दारी आयलेला विघ्न," शांतारामचा आवाज चढला, "दारीच रवू दी, रे म्हाराजा."

"ना," पद्मावती म्हणाली, आणि अडसर उचलला.

बाहेर लख्ख ऊन होतं. पायरी कोरडी. अंगणात कुणी नव्हतं; चिकूखाली गळलेली फळं, दोरीवर एक टॉवेल. तिनं सोडलेला श्वास तिला स्वतःला ऐकू आला. मग ती पायरी उतरली आणि मागं वळून दार बघितलं. बाहेरून, नीट, बहुतेक पहिल्यांदाच.

हाताच्या उंचीवर एक ओरखडा होता. त्याखाली दुसरा. त्याखाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं पुष्कळ, एकात एक गुंतलेले. आणि अगदी तळाशी, उंबऱ्याला लागून, जिथं फक्त निजलेल्या माणसाचा हात पोचेल, तिथं लहान लहान, बारीक, मोजता न येणारे. त्यांच्यावरून तीनदा तरी हिरवा रंग चढला होता. सगळ्यांत खालचा मात्र ताजा होता. त्यात तांबडी माती होती, ओली.

ती वाकली. बोट लावणार, एवढ्यात दार हललं.

वारा नव्हता. दार जड होतं, फणसाचं. ते हळूच, कुणी माणूस लोटेल तसं मिटलं. फट बंद होता होता तिला आतल्या अंधारात एक हात दिसला. बांगडी एकच. मग अडसर खोबणीत बसल्याचा आवाज आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. आजवर तिनं तो आतूनच ऐकला होता.

"अहो," तिनं हाक मारली. हाक आतल्या गाऱ्हाण्यात बुडून गेली. तोंड कोरडं पडलं होतं, अंगाला तापाचे कढ येत होते. तिनं दार ठोठावलं. दोनदा. मग हात फळीवरून खाली घसरला, आणि बांगडी फळीवर ओढली गेली.

आत गाऱ्हाणं चालूच होतं. शांतारामनं ते मागणं परत एकदा म्हटलं. मोठं मागणं दोनदा म्हणायची त्यांच्या घरची रीत होती.

"दारी आयलेला विघ्न दारीच रवू दी, रे म्हाराजा."

सगळं घर म्हणालं, "होय म्हाराजा." त्यात जयराम होता, तेजस्विनी होती. आणि दाराला अगदी लागून, फळीच्या पलीकडून, एक बाई सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा म्हणाली. आवाज पद्मावतीचा होता.

मग तबक उचलल्याचा आवाज आला, आणि पावलं आत गेली.